फुप्फुसाचा जुना आजार: आधी श्वास सोडायला शिका, मग चालायला लागा

"श्वासाचे व्यायाम शिकवा." छातीचा जुना आजार असलेला माणूस माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे आला की पहिली मागणी ही असते. सोबतच्या मुलाच्या पिशवीत तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र असतं, करोनात घेतलेलं. "चालता किती?" असं विचारलं की उत्तर येतं, "चाललं की धाप लागते, म्हणून बंदच केलंय." घरच्यांनीही प्रेमापोटी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायला सुरुवात केलेली असते. पंप आणि गोळ्या डॉक्टरांनी ठरवाव्यात, पण व्यायामापुरतं माझं मत पक्कं आहे. या आजारात खरा फायदा होतो तो चालण्याने आणि पायांत ताकद आल्याने. श्वासाची तंत्रं लागतात ती चालणं जमावं म्हणून. खुर्चीत बसून दिवसभर दीर्घ श्वास घेणाऱ्याला जिना काही सोपा जात नाही.

हा लेख सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा अडकण्याचा आजार), जुना दमा, टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेले व्रण, ब्रॉंकायेक्टेसिस (श्वासनलिका सैल-रुंद होऊन कफ साचण्याचा आजार) आणि फुप्फुस आक्रसत जाण्याचा आजार म्हणजे आयएलडी, अशा सगळ्यांसाठी आहे. बराचसा भाग सीओपीडी समोर ठेवून लिहिला आहे. आयएलडीसाठी जिथे वेगळं वागायला हवं तिथे तसं सांगितलं आहे.

दम नेमका कशाने लागतो

सीओपीडीत हवा आत जात नाही असं वाटतं. खरी अडचण ती बाहेर पडण्याची असते. श्वासनलिका सुजलेल्या आणि कफाने अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसाचा लवचीकपणा गेलेला असतो. श्वास सोडताना बारीक नलिका मिटतात आणि शिळी हवा आतच अडकते. पुण्यात स्वारगेटला बस लागली आणि उतरणारे उतरायच्या आधीच चढणारे दारात घुसले की जे होतं, तेच छातीत होतं. माणूस घाईने चालला की श्वास भराभर होतो, सोडायला वेळ कमी मिळतो, आणखी हवा अडकते. छाती फुगलेलीच राहते, खालचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, सपाट होतं आणि मग मान-खांद्यांचे स्नायू ओढाताण करून श्वास घेतात. अशा माणसाला "दीर्घ श्वास घ्या, अजून घ्या" म्हणणं म्हणजे भरलेल्यात भरणं.

दुसरं कारण पायांत असतं आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसला की मांड्यांचे स्नायू बारीक होतात. असे स्नायू थोड्या कामातच लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात आणि ते निस्तरायला शरीर जास्त श्वास मागतं. म्हणजे फुप्फुस तेच, जिना तोच, पण दम आधीपेक्षा जास्त. हे चक्र पायांकडून तोडता येतं. व्यायामाने स्पायरोमेट्रीतला, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीतला आकडा जवळजवळ हलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी रिपोर्ट बघून हिरमोड होतो. दम कमी लागणं, जास्त अंतर चालता येणं आणि रोजची कामं पुन्हा जमणं, हे बदल मात्र बहुतेकांत होतात.

"मी तर आयुष्यात बिडी ओढली नाही" असं म्हणणाऱ्या मुळशी-जुन्नरकडच्या बायका आमच्याकडे नेहमी येतात. चुलीचा धूर त्यांना पुरला. तंबाखू न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्यातले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिलं आहे. घरात अजून चूल, मच्छर कॉइल किंवा धूप पेटत असेल तर व्यायामाच्या आधी ते बंद करा. सिगारेटबद्दल वेगळं सांगायला नको.

सुरुवातीची तपासणी

छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "मला पल्मनरी रिहॅबिलिटेशन सुरू करायचं आहे, चालेल का?" म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायामाचा कार्यक्रम, थोडक्यात रिहॅब. हाच शब्द वापरा, चिठ्ठीवर लिहून घ्या. खासगीत परवडत नसेल तर ससूनच्या छातीरोग ओपीडीत किंवा औंधच्या उरो रुग्णालयात चौकशी करा. गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक आला असेल, चालताना छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, बेडक्यात रक्त पडत असेल किंवा ताप असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

यासाठीची मुख्य चाचणी साधी असते. ३० मीटरच्या सपाट पॅसेजमध्ये ६ मिनिटं आपल्या चालीने चालायचं, हवं तेव्हा थांबायचं, बोटाला ऑक्सिमीटर. शेवटी किती मीटर झाले ते मोजतात. हा आकडा मागून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर बसतो. समजा ६ मिनिटांत ३०० मीटर झाले, म्हणजे मिनिटाला ५०. सरावासाठी त्याच्या ८० टक्के वेग धरायचा, म्हणजे मिनिटाला ४० मीटर. मग १० मिनिटांत ४०० मीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिंप्याच्या टेपने १० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. येऊन-जाऊन २० फेऱ्या झाल्या की ४०० मीटर झाले. मोबाइलमधल्या पावलांच्या ॲपपेक्षा खडूची रेघ जास्त खरं बोलते.

पहिला आठवडा: फुंकर

हे बसून शिकायचं आणि शांत असताना शिकायचं. धाप लागल्यावर कुणाला काही शिकता येत नाही.

पाठ टेकवून खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर, हात मांडीवर. आधी खांदे कानांकडे उचला आणि सोडून द्या. सीओपीडीवाल्यांचे खांदे कायम वर चढलेले असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. आता तोंड बंद ठेवून नाकाने साधा श्वास घ्या. साधा म्हणजे साधाच, छाती भरभरून नाही. मनात 'एक, दोन' म्हणण्याइतका. मग ओठांचा चंबू करा आणि हलकी फुंकर घालत 'एक, दोन, तीन, चार' इतक्या वेळात श्वास सोडा. गाल फुगवू नका, जोर लावू नका, पोट आवळून शेवटचा थेंब काढायला जाऊ नका. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर कागदाची पट्टी धरली तर ती थरथरावी, उडून जाऊ नये.

चारपर्यंत जमत नसेल तर तीनपर्यंत मोजा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागला म्हणजे झालं. ओठ अर्धवट मिटल्यामुळे श्वासनलिकांत मागून थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. पाच-सहा श्वास झाले की जरा थांबा, मग पुन्हा करा. सलग बराच वेळ केलं तर डोकं हलकं होतं. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं पुरे.

दोन दिवसांनी उभं राहून करा. मग घरातल्या घरात चालताना करा: दोन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. पावलांशी मेळ बसायला आठवडा जातो आणि तो जाऊ द्या. या आठवड्यात यापेक्षा जास्त काही करायचं नाही.

पोटाने श्वास घ्या, असंही सगळीकडे सांगतात. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून पोटावरचा हात वर यायला हवा, ही ती पद्धत. सौम्य आजारात चालते. पण ज्यांची छाती फार फुगली आहे त्यांचं श्वासपटल आधीच सपाट झालेलं असतं, त्यांना याने दम उलट वाढतो. करून बघा, बरं वाटलं तर ठेवा, नाही वाटलं तर अपराधी वाटून न घेता सोडून द्या.

तीन चेंडूंच्या यंत्राचं काय करायचं? ते मुख्यतः ऑपरेशननंतर फुप्फुस उघडायला असतं, श्वास आत ओढायला लावणारं. सीओपीडीत त्याचा उपयोग जवळजवळ नाही. नातवंडांना चेंडू वर उचलून दाखवायला ठीक. फुगे फुगवणंही नको, विशेषतः फुप्फुसात हवेचे मोठे फोड आहेत असं सीटी स्कॅनमध्ये लिहिलं असेल तर अजिबात नको. श्वास घेणाऱ्या स्नायूंसाठी दाब बदलता येणारी वेगळी उपकरणं मिळतात, ती काही जणांना उपयोगी पडतात, पण त्यांचा दाब मोजून ठरवावा लागतो. स्वतःहून ऑनलाइन मागवू नका.

धाप लागली की कुठे टेकायचं

चालण्याची भीती कमी करायची असेल तर आधी थांबायला शिकवावं लागतं. पुढे किंचित वाकून हातांना आधार दिला की मान-खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. घरी असाल तर खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवा. स्वयंपाकघरात ओट्यावर कोपरं टेका. भिंत असेल तर पाठ टेकवा, पावलं भिंतीपासून वीतभर पुढे, हात मांड्यांवर. रस्त्यावर काय करायचं? पुण्यात कुठेही थांबलात तरी हाताशी एखादी स्कूटर उभी असतेच. तिच्या सीटवर दोन्ही हात टेकून उभं राहा. मालक आला तर समजून घेतो, नाही घेतलं तरी तोवर दम उतरलेला असतो.

टेकल्यावर पहिले चार-पाच श्वास जसे येतील तसे येऊ द्या, मग हळूहळू फुंकर लांबवा. चेहऱ्यावर, नाक-गालांच्या भागावर हवा लागली की दम कमी वाटतो, म्हणून खिशात एक छोटा पंखा ठेवा. बॅटरीचा असो की पुठ्ठ्याचा.

चालणं

घ्यायचा असेल तर आधी पंप घ्या. डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप लिहून दिला असेल तर तो चालण्याआधी १०-१५ मिनिटं घेतल्यास चालणं सोपं जातं. "पंपाची सवय लागते" हा समज इतका घट्ट आहे की लोक तो खिशात ठेवून धापा टाकतात. सवय वगैरे लागत नाही. पंप घेण्याची पद्धत मात्र तपासून घ्या. फवाऱ्याचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून सावकाश ओढायचा आणि श्वास १० सेकंद रोखायचा, पावडरचा मात्र जोरात ओढायचा. हे उलटसुलट करणारे खूप भेटतात.

किती दम लागला पाहिजे? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त सहनच होणार नाही, अशी मोजपट्टी मनात धरा. सरावात तीन-चारवर राहायचं. सवय झाल्यावर पाचपर्यंत चालेल. तोंडी खूण अशी की चालताना एक छोटं वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आरामात गाता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दांतच श्वास तुटत असेल तर थांबा. दम लागणं म्हणजे फुप्फुसाला इजा होणं नव्हे. ही गोष्ट पेशंटपेक्षा त्याच्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं चालणं, एक मिनिट टेकणं, असं पाच वेळा. आठवड्यातले निदान पाच दिवस. जमलं की चालणं तीन मिनिटांवर न्या, मग टेकणं कमी करा. दर आठवड्याला एकूण दोन-तीन मिनिटांची वाढ भरपूर झाली. सहा ते आठ आठवड्यांत २० ते ३० मिनिटं, मध्ये थांबत का होईना, पूर्ण व्हावीत. ज्यांचा आजार जास्त आहे त्यांनी अर्धा मिनिट चालणं, अर्धा मिनिट उभं राहणं, असं केलं तरी तुकड्यातुकड्यांतून स्नायूंना तितकंच काम मिळतं. सलगच चाललं पाहिजे असा हट्ट धरू नका.

जागा सपाट हवी. सारसबाग, कमला नेहरू पार्क, विद्यापीठाचा परिसर चांगला. फुटपाथवर फरशा उखडलेल्या, त्यात वाहनांचा धूर, तेव्हा कर्वे रस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा पार्किंगमधल्या फेऱ्या बऱ्या. तळजाई आणि वेताळ टेकडी नंतर बघू. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तर खूपच नंतर.

वेळेबाबत मात्र पुणेकरांशी वाद घालावा लागतो. पहाटे साडेपाचला फिरायला जाणं इथे धर्मासारखं पाळलं जातं. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत साचते, रात्रीचा धूर खालीच अडकतो, त्यात वॉचमनच्या शेकोट्या आणि झाडून गोळा केलेल्या पाल्याचा जाळ. छातीच्या पेशंटसाठी ही सगळ्यात वाईट वेळ. ऊन वर आल्यावर, साडेआठ-नऊनंतर निघा, नाहीतर संध्याकाळी चार-पाचला. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, त्या हिशोबाने वेळ ठरवा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून चालणाऱ्या 'सफर' यंत्रणेवर पुण्याच्या हवेचा निर्देशांक कळतो. १०० च्या आत असेल तर निर्धास्त जा, २०० च्या वर असेल तर घरातच चाला. दिवाळीचे चार दिवस घरातच. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले ते आवाज न करणाऱ्या नागगोळीतून. लहान मुलं ती नेमकी जिन्यातच पेटवतात.

पायांची आणि हातांची ताकद

आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवस आड. मुख्य व्यायाम एकच: खुर्चीतून उठणं आणि बसणं. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची घसरती नको. हात छातीवर, नाकाने श्वास घ्या, फुंकर घालत उठा, उभं राहून एक श्वास, मग हळू बसा. धपकन बसू नका, बसतानाच मांडीला खरं काम मिळतं. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. पुढे बारापर्यंत आणि तीन फेऱ्यांपर्यंत. उठताच येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. गुडघे दुखत असतील तर बसल्या बसल्या एकेक पाय सरळ करून पाच सेकंद धरा. ओट्याला धरून टाचा उचलणं हा दुसरा व्यायाम. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहज होतो.

हात वर उचलले की छातीच्या रुग्णांना लगेच दम लागतो, कारण खांद्याचे तेच स्नायू श्वासालाही लागतात. वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना ते जाणवतं. म्हणून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, फुंकर घालत खांद्यापर्यंत उचला, श्वास घेत खाली आणा. दहा वेळा. जड वाटल्या तर अर्धं पाणी ओतून टाका. नियम सगळीकडे एकच: जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही.

जिना

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या एक आजी. दुसरा मजला, लाकडी उभा जिना, वळणावर अंधार. मुलीने आणलेली भाजीही त्या वरून दोरी सोडून घेत, खाली उतरणं बंद झालं होतं. त्यांना शिकवलं ते असं. पहिल्या पायरीपाशी उभं राहून कठड्याला हात, ओढायला नाही, आधाराला. तिथेच श्वास घ्यायचा. फुंकर सुरू करायची आणि फुंकर चालू असतानाच दोन पायऱ्या चढायच्या. थांबायचं. उभं राहून श्वास घ्यायचा. पुन्हा फुंकर, पुन्हा दोन पायऱ्या. वळणावर दम उतरेपर्यंत मुक्काम. वाड्यातल्या लोकांनी तिथे एक स्टूल ठेवलं आणि आता त्यावर बाकीचेही बसतात. आजींची चूक तीच होती जी सगळ्यांची असते: एकदाचं वर जाऊन मग धापा टाकू, म्हणून श्वास रोखून भराभर चढणं.

आंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, बसून अंघोळ करा, खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. पुसायला दम लागतो म्हणून मोठा टॉवेल अंगावर गुंडाळून पाच मिनिटं नुसतं बसा. खाली बसायच्या संडासावर पोट दाबलं जातं, तिथे कमोडची खुर्ची ठेवा. चप्पल-बूट घालताना वाकण्यापेक्षा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पोटभर जेवून व्यायाम नको, दीड-दोन तास जाऊ द्या. एकदम पोट भरलं की श्वासपटलाला जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं पाच वेळा खाणं बरं. वजन उतरत असेल तर डाळ, अंडी, दही, मुगाचं धिरडं असं काहीतरी प्रत्येक खाण्यात असू द्या. नुसत्या भातावर स्नायू बनत नाहीत.

कफ काढणं

ज्यांना रोज बेडका पडतो, विशेषतः ब्रॉंकायेक्टेसिस आणि टीबीनंतरच्या आजारात, त्यांनी चालण्याच्या आधी कफ काढावा. सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाआधी. तीन-चार शांत श्वास. मग तीन-चार सावकाश खोल श्वास, प्रत्येक वेळी वर तीन सेकंद थांबून. पुन्हा शांत श्वास. आता तोंड उघडं ठेवून 'हा' असा लांब, दमदार उच्छ्वास. तळवा तोंडासमोर धरला तर उबदार हवा लागली पाहिजे. घशातून खरखर करायची नाही. एक-दोन 'हा' झाले की पुन्हा शांत श्वास. कफ वर आला की एकदाच खोकून टाका. हे चक्र दहा-पंधरा मिनिटं. खोकून खोकून बेजार होण्यापेक्षा यात कफ जास्त निघतो आणि दम कमी जातो. रक्त दिसलं तर थांबा आणि डॉक्टर गाठा.

ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन

बोट गरम हवं, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. सीओपीडीत ९२-९३ असेल तर घाबरण्याचं कारण नाही. चालताना ८८ च्या खाली गेला तर थांबा, टेका, किती वेळात वर आला ते लिहून डॉक्टरांना दाखवा. कदाचित चालताना ऑक्सिजन लागेल. आयएलडीत हे जास्त घडतं, बसल्या जागी ९६ आणि पन्नास पावलांवर ८५. त्यांना फुंकरीचाही फारसा उपयोग नाही, कारण तिथे हवा अडकत नाही. त्यांनी लहान तुकड्यांत, ऑक्सिजनची सोय ठरवून, देखरेखीखाली चालावं. घराच्या खिडकीत कबुतरं असतील तर आधी जाळी लावा, त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी होणारा आयएलडी असतो.

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला फ्लो स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीतल्या काहींच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी ही त्याची लक्षणं. अशांसाठी ८८ ते ९२ हाच पल्ला ठरवलेला असतो. शेगडी, समई, उदबत्ती यांपासून निदान १० फूट लांब. नळी लांब घेऊन घरभर चाला, ऑक्सिजन लावलाय म्हणून पलंगावर पडून राहायचं नाही.

प्राणायाम, हास्यक्लब, भजन

कपालभाती आणि भस्त्रिका बंद. अडकलेल्या हवेच्या आजारात झटके देऊन श्वास सोडला की नलिका आणखी मिटतात. श्वास रोखून धरायचा कुंभकही नको. अनुलोम-विलोम न रोखता, सावकाश करता येतो, भ्रामरीही चालते, कारण तिच्यात श्वास आपोआप लांबतो. आसनं करायची असतील तर खुर्ची, लोड, दोरीचा आधार घेऊन करा. बी. के. एस. अय्यंगार यांच्यामुळे ही पद्धत पुण्यात घरोघरी माहीत आहे. फक्त शिकवणाऱ्याला आजार आधी सांगा.

बागेतल्या हास्यक्लबात जरूर जा, मंडळी चांगली असतात. हात वर करून मोठ्याने हसायची वेळ आली की मात्र बाकावर बसा, खोकल्याची उबळ येते. त्यापेक्षा भजनी मंडळ उत्तम. लांब ओळ म्हणायची म्हणजे श्वास जपून सोडायचाच असतो आणि चार माणसांत जाणं होतं ते वेगळं.

बिघडलं तर

कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ओठ-नखं निळसर, वाक्य पुरं बोलता येत नाही, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला, छातीत दुखतंय, असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची लस डॉक्टर सांगतील तशी घेतली असेल तर अशी वेळ कमी येते.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर महिनाभर झोपून राहायची पद्धत आहे. ती मोडा. पहिल्या चार आठवड्यांतच पुन्हा रिहॅब सुरू करणं चांगलं, पुन्हा भरती व्हायची शक्यता त्याने कमी होते. सुरुवात पलंगाच्या कडेला बसून पाय हलवण्यापासून, मग खुर्चीतून चार वेळा उठणं, मग खोलीतल्या खोलीत. आजारपणाआधी जितकं चालत होता त्याच्या निम्म्यापासून धरा आणि पुन्हा आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्या. रोजची मिनिटं आणि दमाचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. सहा-आठ आठवड्यांनी ६ मिनिटांची चाचणी पुन्हा करून घ्या. ३० मीटरच्या आसपास वाढ म्हणजे रोजच्या जगण्यात जाणवणारी सुधारणा. आणि व्यायाम पूर्ण सोडला तर कमावलेलं वर्षभरात गळून जातं, त्यामुळे नंतरही आठवड्यातून तीन दिवस चालणं आणि दोन दिवस खुर्चीतून उठबस चालूच ठेवायची.